जुनी छोटी हॅचबॅक घेतलीये, बजेट कमी आहे. अलॉय, रुंद टायर की १०० वॅटचे बल्ब, आधी काय करू?

तुम्ही लिहिलंय की थर्ड ओनर हॅचबॅक घेतली, हाताशी पैसे थोडेच आहेत, तर अलॉय, रुंद टायर आणि १००/९० चे (अप्परला १००, डिपरला ९० वॅट) बल्ब यातलं आधी काय करावं. आणि खाली असंही की "बल्ब सगळ्यात स्वस्त पडतात म्हणून ते तर या रविवारीच टाकतोय". एरवी असल्या प्रश्नांना मी उत्तर देत बसत नाही, पण ते शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवेना. बल्ब टाकू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको.

माझीही गाडी अशीच, १३ इंची चाकांची, आधी दोघांनी वापरलेली. इंजिन ठणठणीत, बॉडी बरी, पण रात्री पुढचं दिसायचंच नाही. समोरून गाडी आली की रस्त्याची कड कुठे संपते तेच कळायचं नाही, नुसता अंदाजाने स्टिअरिंग धरायचो. आमच्या दाजींनी त्याच सुमारास त्याच मॉडेलची गाडी घेतली होती आणि दोन महिन्यांत तिचा अवतार पार बदलून टाकला होता, १५ इंची अलॉय, मागे जाड पाइप, खाली बसवलेलं सस्पेन्शन, सगळं. त्यांनी माझे लाईट बघितले आणि म्हणाले, "अरे साठ वॅटचा बल्ब म्हणजे चिमणी रे. शंभर-नव्वदचा टाक, दहा मिनिटांचं काम आहे." मी विचारलं, दाजी, वायरिंगला काही होणार नाही ना? तर म्हणे, "कंपनीची वायर आहे, तिला काय होतंय. माझ्या गाडीत सहा महिने झाले." टाकले मी. पहिल्या रात्री खरंच फरक वाटला, खोटं कशाला बोलू.

दीड महिन्याने आईला घेऊन रात्री येत होतो, पाऊस लागलेला, वायपर फुल्ल, अप्पर चालू. साधारण वीस मिनिटं मला जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता आणि मी समजत होतो पुढच्या ट्रकचे ब्रेक लायनर तापलेत. आई मागून दोनदा म्हणाली, काहीतरी जळतंय रे, थांब जरा. मी म्हटलं, पुढच्या गाडीचं आहे. आणि मग एका वळणावर दोन्ही लाईट एकदम गेले. एक नाही, दोन्ही. पुढे नुसता काळोख आणि काचेवर पाणी. ब्रेक जोरात मारावा तर मागे कोण आहे माहीत नाही. हाताने आपोआप लाईटचा दांडा ओढला, पास देतो तसा, तर उजेड आला! सोडला की गेला. पास लाईटचा कॉन्टॅक्ट वेगळा असतो, तो शाबूत होता. मग एका हाताने दांडा ओढून धरला, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग, आणि तसाच पहिल्या गिअरवर सरकत सरकत रस्त्याच्या कडेला मोकळी जागा मिळेपर्यंत गेलो. हजार्ड लावले, आईला गाडीतून उतरवून आडोशाला नेलं आणि उजाडेपर्यंत तिथेच थांबलो. त्यानंतर वर्षभर आई माझ्या गाडीत संध्याकाळनंतर बसली नाही. काही बोलली नाही, नुसती म्हणायची, "सकाळी जाऊ."

दुसऱ्या दिवशी कॉम्बिनेशन स्विच, म्हणजे तो लाईटचा दांडा ज्यात बसतो तो, उघडून बघितला. तांब्याची पट्टी असते ना आत, करंगळीच्या नखाएवढी, ती काळीठिक्कर झालेली आणि तिच्याखालचं पांढरं प्लॅस्टिक मेणासारखं ओघळून दुसऱ्या कॉन्टॅक्टवर बसलेलं. हेडलाईटच्या मागचे कपलर (बल्बला वायर जोडणारे प्लग) पण तपकिरी पडले होते, बोटाने दाबले की तुकडा पडायचा. वायर मात्र दिसायला चांगली होती, आणि दाजींचं सगळं म्हणणं त्या वायरीवरच उभं होतं.

आता हिशोब बघा, मी तेव्हा केला नव्हता, तुम्ही आधी करा. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो, दोन मिळून १०. १०० चे दोन झाले की साडेसोळा अँपिअरच्या वर. बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांमध्ये लाईटचा हा सगळा करंट मधे रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) न लावता सरळ त्या दांड्याच्या स्विचमधून जातो. आणि कॉन्टॅक्टवर तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे करंट पावणेदोन पटीच्या आत वाढला तरी उष्णता जवळपास पावणेतीन पट. वायर घेईलही एकवेळ, पण दहा-बारा वर्षं घासलेली ती नखाएवढी पट्टी कशी घेईल? दाजी आजही म्हणतात की "तुझा स्विच जुनाच होता, कधीतरी जाणारच होता, बल्बला कशाला नावं ठेवतोस." बरोबर, जुना होता. जुना होता म्हणूनच त्याच्यावर जास्त भार टाकायचा नव्हता. तुमचा पण जुना आहे, थर्ड ओनर गाडीत दुसरं काय असणार.

आणि मुळात माझ्या गाडीत उजेड कमी का होता, हा प्रश्न आम्ही दोघांनी विचारलाच नव्हता. नवीन स्विच बसवल्यावर मी व्होल्ट मोजायला एक साधा मल्टिमीटर घेतला. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर १४.१ व्होल्ट. लाईट लावून, बल्ब जोडलेला ठेवून, कपलरच्या मागून प्रोब घालून मोजलं तर ११.८. (बल्ब काढून मोजाल तर पूर्ण व्होल्टेज दाखवेल आणि फसाल, लोड चालूच हवा.) म्हणजे २.३ व्होल्ट वाटेतच खाल्ले जात होते, १.७ पॉझिटिव्हच्या बाजूला आणि ०.६ अर्थिंगला. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, त्यामुळे थोडे व्होल्ट पडले तरी उजेड धाडकन खाली येतो. माझा साठ वॅटचा बल्ब वाईट नव्हताच, त्याला जेवायला मिळत नव्हतं.

मग एका रविवारी बसून रिले लावले. दोन रिले, एक अप्परला एक डिपरला. बॅटरीपासून अडीच स्क्वेअर एमएमची जाड वायर, बॅटरीला अगदी चिकटून १५ अँपिअरचे फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबर पिन, ८७ वरून बल्बला, आणि ८५-८६ पैकी एकीला गाडीची जुनी लाईटची वायर, दुसरीला अर्थिंग. म्हणजे स्विचमधून आता फक्त रिलेची कॉइल ओढण्यापुरता करंट जातो, अर्ध्या अँपिअरच्याही आत, आणि बल्बला पोटभर सरळ बॅटरीतून. अर्थिंगची वायर पण नवीन टाकली, बॉडीचा रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर लग (वायरच्या टोकाची कडी) घट्ट आवळला. कपलर सिरॅमिकचे घेतले. बल्ब साधेच, एच४ प्रकारचे, ६०/५५ वॅट. परत मोजलं, १३.७! ११.८ वरून १३.७ म्हणजे उजेड दीडपटीच्याही वर, तोच वॅट, तोच बल्ब, आणि स्विचला हात लावून बघितला तर थंडगार. त्या रात्री अंधाऱ्या रस्त्यावर गाडी नेऊन एकटाच अर्धा तास लाईट बघत उभा होतो. गाडीसाठी मी जे जे केलंय त्यात मला सगळ्यात जास्त अभिमान या वायरिंगचा आहे, आणि सगळं सामान मिळून दाजींच्या एका अलॉयएवढेही पैसे लागले नाहीत.

हेडलाईटच्या प्लॅस्टिकच्या काचा पिवळ्या असतील तर खरं तर ते रिलेच्याही आधी करा. ओला सँडपेपर, ८००, मग १५००, मग २०००, शेवटी पॉलिश आणि वरून यूव्ही क्लिअर कोट. टूथपेस्टने होतं पण टिकत नाही, कारण यूव्हीचा थर गेलेला असतो तो टूथपेस्ट थोडीच परत आणणार.

तुमच्या बाकीच्या प्रश्नाचं. अलॉय माझ्या मते बजेटमध्ये बसतच नाही, कारण चांगलं अलॉय महाग आणि स्वस्त अलॉय खड्ड्यात तडकतं. स्टीलची रिम वाकते, ठोकून सरळ तरी होते. तरी घ्यायचंच असेल तर पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), सेंटर बोर (मधलं भोक) आणि ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं) तिन्ही जुळलं पाहिजे. "स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) टाकू, बसेल" म्हणणाऱ्याकडून उठून या, चाक जेवढं बाहेर तेवढा हब बेअरिंगवर ताण. टायरचं साधं गणित आहे, बाहेरचा व्यास मूळच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवा. १५५/८० आर१३ (रुंदी मिमीत, उंची रुंदीच्या किती टक्के, रिम किती इंची) चा व्यास साधारण ५७८ मिमी, १७५/६५ आर१४ चा ५८३, हे चालतं. दाजींनी टाकले होते १८५/६५ आर१५, म्हणजे ६२१ च्या वर, साडेसात टक्के जास्त. स्पीडोमीटर ८० दाखवायचा तेव्हा गाडी ८६ ला असायची, पिकअप मेला, पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लॅस्टिकला घासायचं आणि त्यात स्प्रिंगही कापलेल्या. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं हा तर गुन्हाच समजतो मी, शॉकअपला खाली जायला जागाच उरत नाही आणि कापलेलं टोक स्प्रिंगच्या बैठकीवर नीट बसत नाही.

तुमच्याजागी मी असतो तर पहिला पैसा टायरची तारीख बघण्यात घातला असता, म्हणजे त्याला तर पैसाही लागत नाही. टायरच्या साइडवॉलवर डॉट (DOT) कोडच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. थर्ड ओनर गाडीत भरपूर नक्षी शिल्लक असलेले पण म्हातारे, कडक झालेले टायर हमखास सापडतात, विशेषतः स्टेपनी. मग ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी ओढतं, डॉट ३ दर्जाचं ऑइल नवीन असताना किमान २०५ डिग्रीला उकळतं, पाणी मुरलं की तीच मर्यादा १४० वर येते, आणि आधीच्या मालकांपैकी कुणी ते कधी बदललं असेल यावर माझा तरी विश्वास नाही. मग कुलंट, लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, अलाइनमेंट. टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन असेल आणि बेल्ट कधी बदलला त्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरून चाला. बऱ्याच इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग अलॉयचे, टायरचे, सगळ्याचेच पैसे त्यात जातात. दाजी म्हणतात याला मॉडिफिकेशन म्हणत नाहीत, हा मेंटेनन्स. म्हणू देत. नवे बुश आणि अलाइनमेंट करून माझी गाडी जेवढी बदलली तेवढी त्यांची पाच वस्तू लावून बदलली नाही, आणि हे ताईने दोन्ही गाड्या चालवून स्वतः सांगितलंय.

हां, रिलेचं सांगितलं त्यात दोनतीन गोष्टी राहिल्या. गाडी जर थोडी नवी असेल आणि लाईट कंट्रोल मॉड्यूलवरून (गाडीच्या कॉम्प्युटरवरून) चालत असतील तर असं परस्पर काही जोडू नका, रिले फडफडतो किंवा डॅशबोर्डवर एरर येते. आधी सर्किट डायग्राम बघा. काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो, तिथे कॉइलची जोडणी उलटी होते, म्हणून आधी मीटरने तपासा. स्टिअरिंगखालचं कव्हर उघडण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा, पिवळ्या कव्हरच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात नाही लावायचा. व्होल्टेज वाढल्यामुळे बल्ब थोडे लवकर जातात, डिकीत एक जास्तीचा ठेवा. लाईटचा रोख भिंतीसमोर गाडी लावून नीट सेट करा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यात जाईल. आणि हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी टाकायचा विचार असेल तर त्याचंही तेच होतं, उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या तोंडावर जास्त.

ते बल्ब आणले असतील तर पिशवीतच राहू देत. रविवारी त्याऐवजी मल्टिमीटर घ्या, इंजिन आणि लाईट चालू ठेवून बॅटरीवर किती आणि कपलरवर किती ते दोन आकडे खाली कमेंटमध्ये टाका, गाडी कुठल्या सालची तेही लिहा. दीड व्होल्टच्या वर फरक असेल तर कुठली वायर कुठे जोडायची ते मी फोटोसकट सांगतो.