व्यायाम, कसरत आणि कवायत

सातवीच्या मुलांना समानार्थी शब्दांच्या यादीत 'व्यायाम, कसरत, कवायत' असे एका ओळीत दिले तर चालेल का, असे एका शिक्षिकेने विचारले आहे. पहिले दोन एकत्र चालतील. कवायत मात्र त्या ओळीत अजिबात घालू नये.

कवायत आली अरबी 'कवाइद'वरून. ते 'काइदा'चे अनेकवचन, आणि आपला 'कायदा' तोच. म्हणजे हे मुळात नियमांचे नाव आहे, घाम गाळण्याचे नाही. महादजी शिंद्यांनी डी बॉइन या आपल्या परदेशी सेनानीकरवी युरोपीय पद्धतीच्या पलटणी उभारल्या, त्यांना कवायती पलटणी म्हणत. जुना शिलेदार ताकदीत कमी नव्हता. पण एका हुकमासरशी अख्ख्या रांगेने बंदूक उचलायची, ही शिस्त नवी होती. शाळेच्या मैदानावर आजही तेच चालते. २६ जानेवारीला मुले घुंगुरकाठ्या घेऊन उभी असतात, शिट्टी होते, एक-दोन-तीन-चार सुरू होते. एकाची काठी जरा उशिरा वर गेली की कवायत बिघडली! त्या मुलाचा व्यायाम मात्र इतरांइतकाच झालेला असतो. म्हणूनच 'आजोबा रोज पहाटे कवायत करतात' हे कानाला खटकते.

(कवायतीतला हुकूम मागे घ्यायचा तर हिंदीतले 'जैसे थे' म्हणतात. कोर्टाच्या बातम्यांतही आपली वर्तमानपत्रे हेच शब्द वापरतात. मराठी रूप 'जसे होते' असे होईल, पण ते कुणाच्या तोंडी नाही आणि मुद्दाम आणूही नये.)

व्यायाम संस्कृत, 'यम्' धातूचा; आयाम आणि प्राणायाम त्याचेच भाऊबंद. अंग ताणणे, श्रमवणे हा त्याचा गाभा, मग एकट्याने करा की दहा जणांत.

कसरत पुन्हा अरबी. मूळ अर्थ विपुलता. पुष्कळदा करणे, त्यातून सराव. मराठीत तिला कौशल्याची आणि थोड्या जोखमीची छटा आली : डोंबाऱ्याची कसरत, तारेवरची कसरत. मल्लखांबावरच्या उड्यांना कसरती म्हणणे शोभते, सूर्यनमस्कारांना नाही.

तालीम या यादीत आणू नका. अरबीत ती शिकवण. कोल्हापुरात गंगावेश तालीम, मोतीबाग तालीम म्हटले की जागा. तिथला पोरगा जोर-बैठका मारतो, मेहनत करतो. 'तालीम करतो' म्हटले की तो नाटकातला वाटतो.

कवायतीला समानार्थी शब्द हवाच असेल तर 'संचलन' सुचेल, पण तेही टाळा. संचलनात पावले टाकत पुढे जायचे असते. कवायत जागच्या जागी उभे राहूनही होते.