डब्यावर ९९९९ गेम, आत डझनभर! पैसे वाया गेले का?

प्रश्न: भाच्याच्या वाढदिवसाला मंडईजवळच्या एका दुकानातून तो सेलवर चालणारा हातातला ब्रिक गेम घेतला. डब्यावर मोठ्ठ्या अक्षरात ९९९९ गेम असं लिहिलंय आणि घरी येऊन बघते तर काय, दहा-बारा गेम, तेच तेच फिरून येतात. भाचा पहिले चार दिवस जेवायलासुद्धा उठेना, आता आठवडा झाला तर म्हणतो आत्या यात काहीच नाहीये. आणि माझी आई, वय ६८, ती मात्र दुपारची झोप सोडून तेच घेऊन बसते. माझी फसवणूक झाली का, की हा गेमच असा उथळ असतो?
(एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर: ताई, आकड्याबाबत तुमचा राग अगदी बरोबर आहे. तोच गेम थोडा फास्ट केला, तोच खालून दोन ओळी भरलेल्या ठेवून सुरू केला, की तो वेगळा गेम म्हणून मोजायचा, असं करत करत आकडा फुगवलेला असतो. लहान मुलांच्या वस्तूवर असं छापणं मला मुळीच पटत नाही.

पण वस्तू टाकाऊ आहे का, तर नाही. त्याचा स्क्रीन जरा जवळून बघा, आडवे १० आणि उभे २० चौकोन, बास. प्रत्येक चौकोन एकतर काळा होतो नाहीतर पुसला जातो, तिसरं काही त्याला येत नाही. गाडी, रणगाडा, साप सगळं त्याच चौकोनांतून बनवायचं, त्यामुळे गाडीच्या गेममध्ये डावीकडे-उजवीकडे करत समोरची गाडी चुकवायची एवढंच होऊ शकतं. मजा येते, खूप येते, पण चार दिवसांत हाताला सवय झाली की संपलं. भाच्याने चार दिवस मनापासून खेळून घेतलं ना, मग त्या गेमचं काम झालं असं मी म्हणेन.

असे गेम मुळात कशासाठी आले तेही सांगतो. निन्तेन्दो या जपानी गेम कंपनीत गुनपेई योकोई म्हणून इंजिनिअर होते, त्यांनी बुलेट ट्रेनमध्ये एक माणूस कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला पाहिला आणि त्यावरून त्यांना खिशातल्या गेमची कल्पना सुचली, असं सांगतात. १९८० मध्ये त्यांचा गेम अँड वॉच आला, एका मशीनवर एकच गेम आणि सोबत घड्याळ. म्हणजे स्वारगेटला बसची वाट बघताना चालू करावा, बस आली की बंद करून खिशात टाकावा, एवढ्यासाठीच ती वस्तू. तिथे गेम उथळ असला तरी चालतं, उलट असलेलाच बरा.

आता आईंचं. मी पैज लावतो की त्या गाडी खेळत नाहीयेत, त्या ठोकळे लावतायत. त्या डझनात तो एकच गेम वेगळ्या जातीचा आहे. टेट्रिस, १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी केलेला. त्यांच्या कॉम्प्युटरला चित्रं काढताच येत नव्हती म्हणून त्यांनी ठोकळे कंसाच्या चिन्हांनी बनवले! वरून पडणारे चार-चार चौकोनांचे सात आकार खाली रचायचे, आडवी ओळ पूर्ण भरली की ती गायब, बाकी काही नाही. १९८९ ला निन्तेन्दोचं गेम बॉय हे हातातलं मशीन आलं तेव्हा अमेरिकेत डब्यात हाच गेम सोबत दिला होता, आणि पार २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या एका मुलाने टीव्हीवरच्या जुन्या टेट्रिसमध्ये इतकी मजल मारली की शेवटी गेमच अडकून बंद पडला. तोपर्यंत तिथे कुठलाही माणूस पोचला नव्हता, ३४ वर्षांत! दिसायला गाडीच्या गेमइतकाच साधा, पण तळ लागत नाही.

आमच्या आजोळी नारायण पेठेतल्या वाड्यात असाच एक पिवळा ब्रिक गेम होता, सेलचं झाकण हरवलेलं म्हणून रबरबँड लावलेला. आम्ही पोरं पटापट ठोकळे पाडायचो आणि दोन मिनिटांत मरायचो. मोठी मामी मात्र उजवीकडची एक उभी रांग रिकामी सोडून बाकीचं गच्च भरत जायची, लांब पट्टी येईपर्यंत हात रोखून धरायची, आणि ती आली की उभी करून त्या फटीत सोडायची. चार ओळी एका दमात गायब. ते बघायला आम्ही तिच्या खांद्यावर अक्षरशः लोंबकळायचो.

म्हणून भाच्याला नवीन गेम आणू नका, त्याला आजीशेजारी बसवा. ती फट कशी सोडायची, एवढं एकच तिने त्याला शिकवावं. आळीपाळीने खेळा आणि दोघांचे स्कोअर कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहा, कारण बऱ्याच सेटमध्ये सेल काढले की हायस्कोअर पुसला जातो आणि मग भांडणं होतात.

प्रश्न: आमच्या जुन्या ब्रिक गेमचं फिरवायचं बटण जोरात दाबलं तरच चालतं. फेकून द्यावा का?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर: अजिबात नको! टीव्हीच्या रिमोटसारखंच असतं ते. आधी सेल काढा, मग मागचे स्क्रू काढून बघा, बटणाखाली रबराची पट्टी असते आणि रबराच्या खाली काळा ठिपका. तो ठिपका आणि समोरच्या सर्किट बोर्डवरची जागा कापसाला थोडं स्पिरिट लावून हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मग बंद करा. बहुतेक वेळा एवढ्यात चालतं. स्क्रीनला जाणारी पातळ पट्टी मात्र ओढू नका, ती सुटली की आडव्या-उभ्या रेघा गायब होतात आणि घरी जोडणं कठीण. आणि खेळायचा नसेल तेव्हा सेल काढून ठेवा, आतल्या आत गळले तर पत्रे गंजतात.