भुताचा सिनेमा मुलाला दाखवू का?

प्रश्न : माझा 9 वर्षांचा मुलगा भुताच्या सिनेमासाठी हट्ट धरून बसलाय. तुम्ही लहानपणी असे सिनेमे बघितलेत का? त्याला दाखवू का?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, बघितलेत तर! 'पुराना मंदिर' आजही माझा सगळ्यात लाडका. तुलसी आणि श्याम रामसे यांचा हा सिनेमा 1984चा. पंचवटीत आमच्या वाड्यात वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचे. ओसरीवर सतरंजी अंथरली की आम्ही पोरं पुढची जागा धरायचो. त्यातल्या सामरी नावाच्या सैतानाचं धड एकीकडे आणि मुंडकं पेटीत कोंडलेलं! ती पेटी आता उघडणार असं वाटलं, की मी आजीच्या पदराआड शिरायचे आणि एका डोळ्याने बघत राहायचे. खरी परीक्षा पुढे असायची. संडास चौकापलीकडे, आणि चौकात मिट्ट काळोख. आजी कंदील घेऊन सोबत यायची आणि मोठ्याने रामरक्षा म्हणायची. ती होती म्हणून मला ती भीती हवीहवीशी वाटली.

म्हणून मुलाला एकट्याने मोबाईलवर बघू देऊ नका. हाच सिनेमाही नको, त्यातली काही दृश्यं मोठ्यांसाठीच आहेत. त्याच्या वयाला साजेसा निवडा, आधी तुम्ही बघा, मग दिवसाउजेडी शेजारी बसून दाखवा. फार घाबरला तर आवाज बंद करून तेच दृश्य पुन्हा लावा. निम्मी भीती पार्श्वसंगीतात असते, हे त्याला लगेच कळेल. आणि तो 'बंद कर' म्हणाला, तर तिथेच बंद करा.