समुद्रातला बर्फ इतका हळू सरकतो, मग त्याने तेलाचा प्लॅटफॉर्म का हादरतो?

हळू सरकतो म्हणूनच हादरतो. हळू बर्फाने काय होणार, अशी माझ्या एका साहेबांचीही तुमच्यासारखीच समजूत होती, म्हणून लिहायला बसलो.

मुंबई हायवर बरीच वर्षं काढल्यावर एका जानेवारीत मला चीनच्या बोहाय समुद्रात, ल्याओदोंगच्या आखातातल्या जॅकेट प्लॅटफॉर्मवर (पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर उभा असलेला) पाठवलं. बर्फ जेमतेम वीतभर जाड. लाटा नाहीत, वारा पडलेला. भरतीचं पाणी जोरात असताना पायाखाली नुसती बारीक थरथर होती. मग पाणी फिरायची वेळ आली, बर्फाचा वेग सेकंदाला 3-4 सेंटिमीटरवर उतरला आणि डेक ठेक्यात हलू लागला. सेकंदाला दोनेक हेलकावे, सगळे एकसारखे. रेलिंग धरून मी घड्याळात बघत होतो. पाच मिनिटं झाली तरी थांबेना, पाइपांचे फ्लँज (जोडाच्या चकत्या) खडखडत होते. बर्फ थांबला तेव्हाच डेक थांबला.

खांब बर्फाच्याच दिशेने झुकतो तेव्हा दोघांमधला वेग घटतो, आणि सावकाश दाबलेला बर्फ चटकन फुटत नाही, जास्त जोर लावतो. खांब उलटा येतो तेव्हा तोच बर्फ ठिसूळ होऊन चुरडतो, विरोध कमी पडतो. अशी दर हेलकाव्याला थोडी ऊर्जा खांबात शिरते. बर्फ फुटण्याचा ठेका खांबाच्या ठेक्याला जुळला की हेलकावे टिकून राहतात, यालाच लॉक-इन म्हणतात. बर्फ वेगाने आला तर तो अखंड चुरडत राहतो, ठेका धरतच नाही.

परतल्यावर मी हे रिपोर्टात लिहिलं. साहेबांनी तो परिच्छेद काढायला लावला: सगळ्यात जाड बर्फ धर, स्टॅटिक लोड (न हलणारा, स्थिर जोर) लाव, झालं. साफ चूक. अलास्कातल्या कुक इनलेटच्या प्लॅटफॉर्मवर हे कंप 1960 च्या दशकातच मोजले गेले होते. 12 एप्रिल 1986 ला कॅनडाच्या ब्यूफोर्ट समुद्रात ‘मोलिकपाक’ हा तेलाचा प्लॅटफॉर्म एवढा हादरला की त्याच्या पोटात भरलेली वाळू काही भागात पाण्यासारखी सैल झाली. ते तर वाळूने भरलेलं अवाढव्य पोलादी कडं होतं, सडपातळ जॅकेट नव्हे!

तुमच्या प्रोजेक्टचे गाइड स्टॅटिकवर भागवा म्हणाले तर ऐकू नका. मंद वेगाच्या बर्फाचं गणितही करा, जोडांचा फटीग (पुन्हापुन्हा हलून धातूला येणारा थकवा) तपासा. पाण्याच्या पातळीवर खांबाला शंकू बसवा. बर्फ चुरडण्याऐवजी वाकून मोडतो आणि जोर खूप उतरतो. बोहायमध्ये पुढे हेच केलं.

अर्थात शंकूने कंप पूर्ण जात नाहीत, वाकून मोडणारा बर्फही ठरावीक अंतराने धक्के देतो. आणि भरती-ओहोटीत फरक मोठा असेल तर शंकू तेवढा उंच लागतो, नाहीतर बर्फ पुन्हा उघड्या खांबावरच येतो.