उपदेश संपला की लोकच बोलतात, हे कसं?

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेत लँकेस्टरला असते. शेजाऱ्यांबरोबर मेनोनाइट चर्चला गेली तर पाळकांचा उपदेश झाल्यावर माइक लोकांत फिरला आणि एकेकजण उठून त्यावर बोलायला लागला, पियानो पण नव्हता. असं चालतं का? – एक वाचक, नागपूर

उत्तर: चालतं ताई, आणि मला तर हे मनापासून आवडतं. मेनोनाइट हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ. ह्या परंपरेची सुरुवात 1525 ला स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये झाली, तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) नको, माणसाने समजून उमजून घ्यावा असं म्हणणारे हे लोक, आणि एवढ्यासाठी त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला 1527 मध्ये लिम्मात नदीत बुडवून मारलं. मग शास्त्राचा अर्थ एकट्याने वरून सांगायचा आणि बाकीच्यांनी नुसत्या माना डोलवायच्या हे त्यांना कसं पटणार, अर्थ मंडळीने, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांनी, मिळून लावायचा. जुन्या वळणाच्या मंडळ्यांत तर पाळक चिठ्ठीने निवडतात, सारख्या दिसणाऱ्या पुस्तकांपैकी एकात चिठ्ठी, ती ज्याच्या हाती आली तो कालपर्यंत गायी राखणारा शेतकरी असला तरी आता उपदेशाला उभा!

पियानो सगळीकडेच नसतो असं नाही, पण वाद्याशिवाय चार सुरांत अख्खं चर्च गातं तेव्हा ऐकायला कोणी उरतच नाही, सगळेच उपासनेत. आणि उपदेश फिरून फिरून येतो बायबलमधल्या मत्तय 5 ते 7 वर, म्हणजे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनावर, शत्रूवर प्रीती करा, म्हणून बरेच जण सैन्यातही जात नाहीत.

तुम्हाला बघायचं असेल तर छत्तीसगडमधलं धमतरी आहे, तिथे अमेरिकन मेनोनाइट मिशनरी 1899 ला आले, मंडळी आजही आहे, एखाद्या रविवारी जाऊन बसा.