बाबांची गाणी ऐकत बसलेला मुलगा

"नवरा जाऊन सव्वा वर्ष झालं, मॅडम. वर्षश्राद्धही झालं. मुलगा अजून दिवसभर बाबाचीच गाणी कानात घालून बसतो. बंद करायला लावू, की ऐकू दे त्याला?"

हा प्रश्न माझ्याकडे अनेक घरांतून येतो. गाण्यांच्या जागी कुठे मनगटी घड्याळ असतं, कुठे सोसायटीत धूळ खात उभी असलेली स्कूटर, कुठे फोनमध्ये जपून ठेवलेले व्हॉइस मेसेज. भीती मात्र एकच असते : मूल दुःखात अडकून पडलंय आणि आपण नुसते बघत बसलोय. एका कुटुंबाच्या परवानगीने त्यांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कुटुंब भांडुपचं. आई एका खासगी कार्यालयात अकाउंट्स बघते, मुलगा अकरावीला, घरात आजी. वडील हार्ट अटॅकने गेले तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते. त्यांचं बालपण लालबागच्या चाळीत गेलं, आणि त्या चाळीतल्या एका खोलीत नव्वदच्या दशकात दिवसरात्र वाजायचं ते आयर्न मेडन. हा लंडनचा हेवी मेटल, म्हणजे दणदणीत रॉक वाजवणारा बँड, स्टीव्ह हॅरिसने १९७५ साली सुरू केलेला. इंग्रजी रॉक म्हणजे वांद्रे-कुलाब्याची मिरास असं ज्यांना वाटतं त्यांनी गिरणगावातल्या त्या पिढीशी बोलून बघावं. फोर्टातल्या फूटपाथवरून घेतलेल्या कॅसेट, मित्राकडून मागून आणलेला वॉकमन, आणि धोबी तलावाच्या रंगभवनात १९८६ पासून भरणारा इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव. गिरणी कामगाराच्या घरातलं ते पोर तिथे धाकट्या भावाला घेऊन जायचं.

आईंची काळजी दुहेरी होती. एक तर ऐकणं थांबत नाही, आणि ऐकतो तेही असलं. "नावं तरी बघा. अंधार काय, सैतान काय. आणि प्रत्येक कव्हरवर तो सांगाडा. दिवे बंद करून ऐकतो, मॅडम."

मुलाला भेटण्याआधी मी ती गाणी ऐकली. हे मी नेहमी करते. मूल ज्या गोष्टीत राहतंय तिथे आपण डोकावलेलंही नसेल, तर त्याच्याशी बोलायचं काय? कव्हरवरच्या त्या सांगाड्याचं नाव एडी. बँडच्या गाण्यांत इतिहास आणि साहित्य खूप आहे. १९८३ चं 'द ट्रूपर' हे क्रिमियाच्या युद्धातल्या घोडदळाच्या हल्ल्यावर आहे. १९८४ चं एक गाणं तेरा मिनिटांहून मोठं आहे आणि ते इंग्रज कवी कोलरिजच्या कवितेवर बेतलंय. 'फिअर ऑफ द डार्क' हे १९९२ चं, अंधारात चालणाऱ्या माणसाच्या भीतीबद्दल. अंधाराच्या भीतीचं गाणं अंधारात बसून ऐकणारा मुलगा मला आजारी वाटला नाही.

असलं संगीत ऐकल्याने मूल बिघडतं का, हे पालक फार विचारतात. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी या संगीताच्या चाहत्यांना आधी राग येईल असे प्रसंग आठवायला लावले आणि मग त्यांच्या आवडीचं संगीत ऐकवलं. ऐकून राग वाढला नाही. उलट अनेकांना बरं वाटलं. अभ्यास छोटा होता, पण माझा अनुभवही तसाच आहे. गाणं कोणत्या प्रकारचं आहे यावर मी फारसं जात नाही. गाणं संपल्यावर मूल काय करतं, हे बघते.

या मुलाला मी सरळ प्रश्न विचारले. झोप कशी आहे? जेवतोस ना? मित्र? जगणं नकोसं वाटतं का, स्वतःला इजा करावी असं कधी मनात येतं का? हा शेवटचा प्रश्न विचारल्याने मुलाच्या डोक्यात भलतंच भरेल, असं पालकांना वाटतं. तसं होत नाही. विचारलं की मुलाला सुटल्यासारखं वाटतं. त्याचं उत्तर नाही असं होतं, आणि त्याच्या डोळ्यांत बघून मला ते खरं वाटलं. कॉलेजला जात होता, रविवारी मैदानावर जात होता. आईंनी एकच विचित्र गोष्ट सांगितली होती. भात सोडला होता पोराने. पोळी खायचा, वरण वाटीतून प्यायचा, भाताला हात लावायचा नाही.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत मी सहज विचारलं, "भात का रे नाही?" तो बराच वेळ टेबलाच्या कडेवर नख घासत राहिला. मग म्हणाला, "टोप बाबांच्या टी-शर्टचा आहे."

वडिलांचे दिवस झाल्यावर नातेवाईक बायकांनी आईंना सांगितलं होतं, गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत. आईंनी दोन पिशव्या भरून बोहारणीला दिल्या. त्यात एक विटका काळा टी-शर्ट होता, छातीवर एडी, २००८ चा. बदल्यात स्टीलचा टोप आला. त्याच टोपात रोजचा भात होत होता. मुलगा दाराआड उभा राहून हा सगळा व्यवहार बघत होता आणि त्याने एक शब्द काढला नव्हता.

त्याच्या परवानगीने मी हे आईंना त्याच्यासमोर सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला एकदा बोलला असतास तर..." आणि पुढे बोलू शकल्या नाहीत. टी-शर्ट परत मिळणार नव्हता. हे नुकसान खरं आहे आणि ते तसंच मान्य करावं लागतं. "जाऊ दे, कपडाच तर होता," असं म्हणायचा मोह घरच्यांना होतो. कृपा करून म्हणू नका. मुलासाठी त्या कपड्याला घामाचा वास होता.

तो टी-शर्ट १ फेब्रुवारी २००८ चा. त्या दिवशी आयर्न मेडन वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर वाजवून गेले, आणि त्यांचा तो जागतिक दौरा मुंबईतूनच सुरू झाला. गायक ब्रूस डिकिन्सन हा तेव्हा व्यावसायिक वैमानिकही होता. बँड आणि सामान घेऊन आलेलं बोइंग ७५७ तो स्वतः चालवत होता. मुलाला हे सगळं पाठ होतं, वडिलांनी शंभरदा सांगितलेलं. तो जन्मला त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे त्याच्या वडिलांच्या आयुष्यातली सर्वांत लाडकी रात्र त्याने पाहिलेलीच नव्हती आणि सांगणारा माणूस गेला होता. गाणी पुन्हा पुन्हा लावून तो त्या रात्रीत शिरायची वाट शोधत होता, असं मला वाटलं.

मग मी आईंना विचारलं, त्या रात्री तुम्ही कुठे होतात?

त्या घरीच होत्या, लालबागला. साडेबारा वाजता दोघे भाऊ आले, कुर्ल्यापर्यंत चालत येऊन गाडी पकडलेली. नवऱ्याचा आवाज पार बसला होता. सासूबाई झोपलेल्या, त्यामुळे हा कुजबुजत हातवारे करून सगळं सांगत होता. त्यांनी हळद घालून दूध दिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन करून "त्यांना बरं नाही" हे त्यांनाच सांगावं लागलं, कारण याच्या घशातून हवाच येत होती. मुलगा एकटक ऐकत होता. हा भाग वडिलांनी कधी सांगितलाच नव्हता.

"तू का नाही गेलीस?" त्याने विचारलं.

"मला विचारलंच नाही त्याने," आई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला. "सतरा वर्षं झाली, एकदाही विचारलं नाही, तुला यायचंय का!"

गेलेल्या माणसावर रागावणं आपल्याकडे पाप समजतात. पण त्या रागामुळेच त्या घरात ती गाणी सहन होत नव्हती. मुलाची काळजी खरी होतीच, पण गाणं वाजलं की ज्यांचा जीव कासावीस व्हायचा त्या आई स्वतः होत्या. माझ्याकडे येणाऱ्या अशा बऱ्याच घरांत हे आढळतं. मुलाचं ऐकणं थांबवायची घाई असते, कारण मोठ्यांना ते ऐकवत नसतं. त्यात कमीपणा काही नाही. फक्त, ते मुलाच्या नावावर टाकू नये.

काकांना बोलवायचं मी सुचवलं. दादा गेल्यापासून ते घरी येणं टाळत होते. आले, आणि वहिनींकडे न बघता मुलाशी बोलू लागले. मुलाने पहिलंच विचारलं, "तुम्ही पार पुढे होतात ना, बॅरिकेडला चिकटून?"

"कोण म्हणालं?"

"बाबा."

काका गप्प झाले. मग म्हणाले, "पुढे गेलो होतो, पण दादाला गर्दीत गुदमरायला लागलं. हातपाय गार पडले. त्याला धरून मागे आणला. बराच वेळ आम्ही मागेच बसून ऐकत होतो."

मुलगा उठला आणि बाहेर गेला. काका घाबरले; आपण पोराच्या मनातला बाप मोडला असं त्यांना वाटलं. मी त्यांना थांबायला सांगितलं. मृत्यूनंतर आपण माणसाला फार लवकर फोटोत बसवतो, हार घालतो, आणि मग त्याला कधी भीती वाटली नाही, तो कधी चुकला नाही असं होऊन जातं. अशा बापाशी मुलाने बोलायचं कसं? पुढच्या आठवड्यात मुलगा आला तो बसता बसताच म्हणाला, "मलाही होतं तसं. दादर स्टेशनवर संध्याकाळी. मी कुणाला सांगितलं नव्हतं."

आमचं खरं काम तिथून सुरू झालं. गर्दीत श्वास अडकायला लागला की काय करायचं, हे आम्ही पुढे बरेच दिवस बोललो.

आजी माझ्याकडे आल्या नाहीत, गुडघ्यांमुळे. पण मुलाने सांगितलं की मेथी निवडताना आजी जी चाल गुणगुणते ती 'फिअर ऑफ द डार्क'ची आहे. मैफलीत हजारो लोक शब्दांशिवाय गातात तीच गिटारची चाल. चाळीच्या एका खोलीत वर्षानुवर्षं ऐकून ती त्यांच्या ओठांवर बसली होती. शब्द एकही माहीत नाही. त्यांनी नातवाला हेही सांगितलं की भिंतीवरचं सांगाड्याचं पोस्टर त्या गणपतीच्या दिवसांत उलटं करून ठेवायच्या, आणि विसर्जनाहून आल्या आल्या बाबा ते सरळ करायचा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. विसाव्या शतकात बराच काळ असं मानलं जायचं की शोक संपवायचा तर गेलेल्या माणसापासून मन सोडवून घ्यायला हवं. १९९६ साली क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी याच्या उलट मांडणी पुढे आणली. सिल्व्हरमन यांनी बॉस्टन परिसरातल्या, आई किंवा वडील गमावलेल्या मुलांचा अभ्यास केला होता. ती मुलं गेलेल्या पालकाशी मनातल्या मनात बोलत होती, त्यांच्या वस्तू जपत होती, आणि त्यांचं वाढणं त्यामुळे थांबलं नव्हतं. नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं. पितरांचं पान वाढणाऱ्या आपल्या घरांना हे नवीन वाटू नये.

त्यामुळे गाणी बंद करू नका, वस्तू मुलाला विचारल्याशिवाय देऊन टाकू नका. दुःखात बुडणं आणि रोजच्या जगण्यात परत येणं, अशी ये-जा चालू असेल तर काळजीचं कारण नसतं. ये-जा थांबली तर मात्र बघावं लागतं. मूल शाळा-कॉलेज सोडून बसलं, मित्र तुटले, झोप-जेवण गेलं, वडील गेलेच नाहीत असं वागू लागलं, किंवा त्यांच्याकडे जायची भाषा करू लागलं, तर थांबू नका. शेवटची गोष्ट असेल तर त्याच दिवशी मदत घ्या. शोक लांबून आजाराचं रूप घेतो हे आता वैद्यकशास्त्रही मानतं. मुलांच्या बाबतीत सहा महिन्यांनंतरही तीव्रता तशीच असेल तर तज्ज्ञांना दाखवावं. सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची हेल्पलाइन मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

भांडुपच्या घरात तो टोप आता नाही. आईंनी स्वतःहून काढला आणि मुलगा भात खातो. गाणी रविवारी सकाळी स्पीकरवर लागतात, काका येतात तेव्हा आवाज जरा मोठा असतो आणि शेजाऱ्यांची तक्रार येते. बँड पुन्हा भारतात आला तर तिकिटं तीन काढायची, असं मुलाने जाहीर केलंय. एक गाणं सुरू झालं की आई अजूनही उठून स्वयंपाकघरात जातात. त्यांनी बसून ऐकायलाच हवं, असं मी त्यांना सांगितलेलं नाही.