पंखा बंद पडला, हे कळणार कसे?

तुमच्या गच्चीवरचे हवामान केंद्र ऑक्टोबरच्या उन्हात सकाळी नऊपासूनच वेधशाळेपेक्षा तीन-चार अंश जास्त दाखवते, झुळूक आली की आकडा झरझर उतरतो आणि वारा पडला की पुन्हा चढतो, हे तुम्ही लिहिलेले वाचले आणि मला माझेच जुने दुखणे आठवले. त्यावर उपाय म्हणून तुम्ही महागडा सेन्सर मागवण्याच्या विचारात आहात. कृपया थांबा. वाऱ्याबरोबर कमी-जास्त होणारी चूक सेन्सरची नसते, ती शील्डची, म्हणजे सेन्सरला उन्हापासून झाकणाऱ्या आवरणाची असते. एकावर एक थाळ्या रचलेली साधी शील्ड उन्हाने तापते आणि वारा नसला की आतली हवा बदलत नाही. अशा शील्डमध्ये एसएचटी-31 सारखा अचूक तापमान-सेन्सर बसवलात, तर तो त्या तापलेल्या हवेचे तापमान अधिक अचूकपणे सांगेल, एवढाच फरक पडेल.

मी हवामानतज्ज्ञ नाही, इलेक्ट्रॉनिक्सही शिकलेलो नाही. जे लिहितो आहे ते अकोल्यातील एका गच्चीवरच्या अनुभवावरून. सेन्सरची जोडणी, प्रोग्राम, खांब कसा उभा करायचा हे तुम्हाला येत असणारच, म्हणून त्यात शिरत नाही.

माझा उपाय म्हणजे पंख्याने सतत हवा ओढणारी शील्ड. ती म्हणजे एकात एक बसवलेले दोन पीव्हीसी पाईप आहेत. बाहेरचा 110 मिलिमीटरचा, त्याला बाहेरून पांढरा रंग. आतला 75 मिलिमीटरचा, त्याच्या वरच्या तोंडाला संगणकात असतो तसा 80 मिलिमीटरचा 12 व्होल्टचा पंखा. पंख्याने हवा वर ओढून बाहेर टाकली पाहिजे, म्हणजे मोटरची उष्णता सेन्सरवरून जाणार नाही. पंख्याच्या कडेला हवेची दिशा दाखवणारा बारीक बाण बहुधा असतो, तो बसवण्याआधी पाहावा. हवा ताशी कितीही ओढली जात असो, सेन्सरवरून ती सेकंदाला निदान अडीच मीटर वेगाने जावी असा प्रयत्न करावा. पाईप अरुंद ठेवण्याचे कारण तेच. काम झाल्यावर खालच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरावी. धूर झटकन आत खेचला गेला पाहिजे आणि वरून बाहेर पडलेला धूर वळून पुन्हा खाली येता कामा नये.

खालचे तोंड गच्चीपासून दीड मीटर तरी उंच असावे, कारण पंखा उन्हाची चूक काढतो, जागेची काढत नाही. तापलेल्या स्लॅबलगतची हवा ओढलीत तर तिचेच तापमान मिळेल. गच्चीला वॉटरप्रूफिंगचा पांढरा थर असेल तर खालून परावर्तित होणारे ऊनही तोंडातून आत शिरते. सेन्सर तोंडापासून वीतभर आत बसवावा आणि तोंडाखाली थोडे अंतर सोडून एक आडवी चकती लावावी.

आता मला सर्वांत महाग पडलेली गोष्ट. पंख्याला तीन वायर होत्या, काळी, लाल आणि पिवळी. काळी आणि लाल जोडली की पंखा फिरत होता, म्हणून पिवळी वायर मी जादा समजून मुळाशी कापली आणि टोकाला व्यवस्थित चिकटपट्टी गुंडाळली. आपण नेटके काम केले असेच मला तेव्हा वाटले होते. पुढचे वर्षभर आकडे इतके चांगले येत होते की गच्चीवर जाऊन शील्डकडे पाहण्याची गरजच उरली नाही. मग एका मे महिन्यात दुपारी 48.6 अंश दिसले. वेधशाळेचा आकडा त्या दिवशी 43 च्या आसपास होता. आमच्या भागात काहीतरी वेगळे घडते आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि तो आकडा ओळखीच्या चार लोकांना अभिमानाने कळवलाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तेव्हा सेन्सर बदलला. नवा सेन्सरही तेच सांगू लागला, तेव्हा विक्रेत्याकडे तक्रार केली. त्याच्या ग्राहक कक्षाने माझे पत्र न वाचताच ‘सेन्सर बदलून पाहा’ असे उत्तर पाठवले आणि मी शहाण्यासारखा तिसरा सेन्सर घेतला.

पंखा बंद पडला होता. धुळीने आणि उन्हाने त्याचे बेअरिंग धरले होते. बोटाने ढकलले की पाव फेरा जाऊन थांबत होता. आवाजावरून कळायला हवे होते म्हणाल, तर मे महिन्यात आमच्याकडे प्रत्येक खिडकीला कूलर घरघरत असतो, त्यात एवढ्याशा पंख्याचा आवाज कोणाला ऐकू येणार? पंख्याची शील्ड पंख्याविना थाळ्यांच्या शील्डपेक्षाही वाईट असते, कारण तिच्यात बाजूने वारा शिरायला वाटच नसते. पंखा नेमका कधी थांबला हे कळायला मार्ग नसल्यामुळे संपूर्ण एप्रिल आणि मे महिन्यांच्या नोंदी मला रद्द कराव्या लागल्या. असामान्य आकड्याचा मोह मोठा असतो. दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रावर 29 मे 2024 रोजी 52.9 अंश नोंदले गेले, देशभर गाजले, आणि प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहिल्यावर तेथील सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचे हवामान खात्याला आढळले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील रिचर्ड आसमान यांनी चकचकीत नळ्यांत तापमापी बसवून वरून पंख्याने हवा ओढण्याची जी युक्ती केली, तीच आपण वापरतो आहोत. मात्र त्यांचा पंखा घड्याळासारखा चावीचा होता. प्रत्येक वाचनाआधी कोणीतरी जवळ उभे राहून चावी देत असे, त्यामुळे तो थांबला आहे हे लपून राहणे शक्यच नव्हते. आपण वीज जोडून खाली निघून येतो.

पंखा फिरतो आहे की थांबला हे खाली बसून कळावे, पिवळी वायर त्यासाठीच असते. पंख्याच्या एका फेऱ्यात तिच्यावर दोन स्पंदने येतात, म्हणजे मिनिटाला 2400 फेरे असतील तर सेकंदाला 80. ही वायर स्वतः व्होल्टेज देत नाही. ती 10 किलोओहमच्या रोधाने 3.3 व्होल्टला बांधून ईएसपी-32 या नोंदी घेणाऱ्या छोट्या संगणक-बोर्डाच्या एका पिनला द्यावी, 12 व्होल्टला कदापि नाही, आणि पंख्याच्या अडॅप्टरची ऋण बाजू बोर्डाच्या ऋण बाजूशी जोडायला विसरू नये. फेऱ्यांचा आकडा तापमानाशेजारच्या रकान्यात दर मिनिटाला नोंदवावा. फेरे नेहमीच्या निम्म्याखाली गेले की तापमान पुसू नये, त्यावर शंकेची खूण करावी. पंखा बॉल बेअरिंगचा घ्यावा आणि एक जादा आणून ठेवावा. मी तर दर वर्षी मार्चअखेरीस जुना चालू असला तरी बदलतो. काहींना ही उधळपट्टी वाटेल, पण दोन सेन्सरच्या किमतीपुढे ती काहीच नाही.

पंखा थेट सौर पॅनेलवर चालवावा असे काही जण सुचवतात. मला ते पटत नाही, कारण सकाळी आणि संध्याकाळी तिरपे ऊन पाईपच्या अंगावर पडत असते आणि वाराही पडलेला असतो, नेमके तेव्हाच पॅनेल पुरेशी वीज देत नाही. पंख्याला एक-दोन वॉट पुरतात. साधा अडॅप्टर आणि वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारा छोटा यूपीएस यांवर माझे काम चालते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांसाठी मात्र एक सावधगिरी आहे: धुक्यात पंखा पाण्याचे कण आत ओढतो, सेन्सर ओला होतो आणि खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. अकोल्यात मला हा त्रास झालेला नाही, त्यामुळे त्यावरचा उपाय छातीठोकपणे सांगणार नाही.

पाईप विकत घेण्याआधी एवढे करून पाहा. वारा पडलेल्या दिवशी अकराच्या सुमारास टेबलफॅन गच्चीवर नेऊन सध्याच्या शील्डसमोर दीड मीटरवर ठेवा आणि दहा मिनिटांत आकडा किती खाली येतो ते लिहून घ्या. जितके अंश उतरतील, साधारण तितकीच सुधारणा नव्या शील्डकडून मिळेल. अर्ध्या अंशाहून कमी फरक पडला, तर दोष शील्डमध्ये नसून केंद्राच्या जागेत आहे आणि मग पाईप-पंख्यावर खर्च करण्याऐवजी खांब हलवावा लागेल.